डीपी पुन्हा पुन्हा जळते? या चुका टाळा

गव्हा-हरभऱ्याला पाणी द्यायची वेळ आणि डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळायची वेळ नेमकी एकच असते. नवी डीपी बसते, आठवड्यात तीही जाते आणि पारावर निकाल लागतो की मालच डुप्लिकेट होता. कधी तसं असतंही. पण बहुतेक वेळा जुनी ज्या भाराने गेली, तोच भार नवीच्या माथी मारलेला असतो.

सगळ्यात महागात पडतो तो ऑटोस्विच, म्हणजे लाइन आली की मोटार आपोआप चालू करणारा. रात्रीची लाइन, बिबट्याची भीती, बारा वाजता मोटार चालू करायला कोण जाणार? कारण पटण्यासारखं आहे. पण हिशेब बघा. १०० केव्हीए क्षमतेची डीपी साधारण १३३ अँपिअर पेलते. तिच्यावर ५ एचपीच्या १६ मोटारी असल्या आणि प्रत्येकी साडेसात अँपिअर धरले, तर १२० होतात. म्हणजे निभतं. मात्र साध्या डीओएल (मोटार थेट लाइनवर जोडणाऱ्या) स्टार्टरवरची मोटार उठताना सहापट करंट ओढते. लाइन आली की सोळाही एकदम उठणार आणि मागणी ७२० च्या घरात जाणार. व्होल्टेज कोसळतं, मोटारींना वेग घेता येत नाही आणि दोन-चार सेकंदांत संपायचा झटका लांबत जातो. फ्यूज नीट असेल तर उडतो, नसेल तर डीपीचं वाइंडिंग भाजून निघतं.

ऑटो काढणं उत्तमच. ते जमत नसेल, तर त्याच्यासोबत टायमर बसवा आणि डीपीवरच्या सगळ्यांनी बसून क्रम लावा: पहिल्या तीन-चार मोटारी एका मिनिटाने, पुढच्या दोन मिनिटांनी, असं. पहिला नंबर कोणाचा यावरून भांडण होईल, ते वेगळं.

फ्यूज कधी उडतो, याकडेही लक्ष द्या. लाइन आल्या आल्या उडत असेल, तर ऑटोवर संशय घ्या. तासाभराने उडत असेल, तर भार जास्त आहे किंवा एकाच फेजवर पडलाय. कंडेन्सर लावून दोन फेजवर मोटारी चालवणारे असले की हे हमखास होतं. वारा सुटल्यावरच उडत असेल, तर लोंबकळणाऱ्या तारा आणि फांद्या बघा. तारा एकमेकींना घासून ठिणगी पडली की खालचा ऊसही जातो, त्यामुळे ही तक्रार पावसाळ्याआधीच करा.

यावर गावठी उपाय ठरलेला: किटकॅटमध्ये, म्हणजे फ्यूजच्या खाचेत, जाड तार. फ्यूज टिकतो, डीपी जाते. शिवाय डीपीत हात घालणं म्हणजे जिवाशी खेळ. एबी स्विच (डीपीची लाइन तोडणारा खांबावरचा स्विच) पाडला तरी त्याचं एखादं पातं अडकून राहतं, नाहीतर कोणाच्या तरी जनरेटरचा करंट उलटा येतो. ते काम वायरमनचंच.

मोटारीने लाइनवरून ओढायचा करंट कमी करणाऱ्या कपॅसिटरची गंमत अशी, की स्टार्टरच्या पेटीत तो असतो पण वायर तोडलेली असते. ५ एचपीला साधारण २ केव्हीएआरचा कपॅसिटर लावला, तर डीपीवरचा करंट पंधरा-वीस टक्क्यांनी उतरतो. पण फायदा सगळ्यांचा आणि खर्च एकट्याचा, म्हणून लावायला कोणी पुढे येत नाही. डीपीवरच्या सगळ्यांचे एकदम विकत आणा, वाद मिटेल.

मंजुरी ३ एचपीची आणि विहिरीत मोटार ५ ची, हाही घोळ जुनाच. डीपीची क्षमता कागदावरच्या भारावरून ठरते. भार लपवला, वर आकडे टाकले, तर जळालेल्या डीपीच्या जागी तेवढीच येणार आणि तशीच जळणार. आधी भार वाढवून घ्या, मगच मोठी डीपी मागा.

गावठाणात एक वेगळं लक्षण दिसतं. एका घरात बल्ब डोळे दिपवतोय आणि शेजारी मिणमिणतोय, म्हणजे न्यूट्रल सुटलाय. अशा वेळी घरात २३० च्या जागी साडेतीनशे व्होल्टही येऊ शकतात. 'थोडा वेळ बघू' म्हणत बसू नका. टीव्ही-फ्रिज तेवढ्यातच जातात. मेन स्विच पाडा आणि १९१२ वर तक्रार नोंदवा. ग्राहक क्रमांक जवळ ठेवा, डीपी कोणती ते सांगा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. नुसता वायरमनला फोन केला, तर त्याची नोंद कुठेच राहत नाही.