ट्रॅक्टरच्या डिस्कची झिजलेली भोकं : बुश बसवून पक्की दुरुस्ती

मागच्या चाकाच्या डिस्कचं, म्हणजे रिमला हबशी जोडणाऱ्या जाड तबकडीचं, नटाचं भोक लांबुळकं झालं की गावात सहसा ते वेल्डिंगने भरतात आणि पुन्हा ड्रिल मारतात. एखादा हंगाम निघतो, मग पुन्हा तोच खडखडाट. त्यापेक्षा भोकात बुश, म्हणजे पोलादी नळीसारखा तुकडा, वेल्ड करून बसवणं पक्कं. चाकाची ओढ स्टडने (हबमधून बाहेर आलेल्या, नट बसणाऱ्या बोल्टने) पेलायची नसतेच. सगळे नट मिळून डिस्कला हबवर इतकी आवळून धरतात की दोन्ही फेसमधल्या (एकमेकांवर टेकणाऱ्या सपाट बाजूंमधल्या) घर्षणावरच चाक फिरतं. नट जरा ढिला पडला की डिस्क सरकते आणि स्टड भोकाच्या कडेवर आपटू लागतो. भंडारा-गोंदियाकडची चिखलणी, केजव्हील (चिखलातली लोखंडी पिंजऱ्यासारखी चाकं), कापसाने भरलेली ट्रॉली चढावर ओढणं, या कामांत हा मार दोन्ही दिशांनी बसतो. म्हणून फक्त भोक दुरुस्त करून भागत नाही. नट ढिला का पडला, तेही शोधावं लागतं.

उन्हाळवाही आटोपल्यावर, पेरणीआधी हे काम काढा. ट्रॅक्टर सिमेंटच्या जागेवर किंवा जाड फळीवर घ्या, कारण काळ्या मातीत जॅक एका बाजूने खचतो. दुसऱ्या चाकांना दगड लावा आणि ॲक्सल हाउसिंगखाली लाकडाचे ठोकळे रचा. नुसत्या जॅकवर काम करू नका. टायरमध्ये पाणी भरलेलं असेल तर आधी काढून टाका. 13.6-28 च्या टायरमध्ये ते दीड-दोनशे लिटर असतं आणि तेवढं चाक दोन माणसांना सावरत नाही.

बहुतेक ट्रॅक्टरांत मागची डिस्क रिमच्या कानांना बोल्टने जोडलेली असते. ते बोल्ट काढून डिस्क वेगळी करा. डिस्क रिमलाच वेल्ड केलेली असेल तर टायर-ट्यूब पूर्ण उतरवल्याशिवाय वेल्डिंगला हात लावू नका. हवा सोडली म्हणजे झालं, असं नाही. रिम तापली की आतल्या रबराचा गॅस होतो आणि टायर फुटतो. यात माणसं दगावली आहेत.

आता डिस्क तारेच्या ब्रशने चकचकीत घासा. भोकांभोवती रॉकेल किंवा डिझेल लावून पुसा आणि वर खडूची पूड चोळा. थोड्या वेळाने खडूवर ओली रेघ उमटली तर तिथे चीर आहे. चीर एका भोकातून दुसऱ्या भोकाकडे किंवा मधल्या मोठ्या भोकाकडे गेली असेल तर ती डिस्क भंगारात द्या आणि त्याच मॉडेलची दुसरी घ्या. डिस्क बिडाची असेल तर बुश वेल्ड करण्याची ही पद्धत तिला चालत नाही. भोक व्हर्नियरने उभं-आडवं मोजा. फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत असेल आणि नटाचा टेपर (डिस्कवर टेकणारा निमुळता भाग) शाबूत असेल तर नवे स्टड-नट पुरतात. त्याहून जास्त असेल तर बुश बसवा.

बुश लेथवर एम.एस.च्या (साध्या पोलादाच्या) गोल सळीतून काढून घ्या. स्टड 16 मिमीचा असेल तर बुशचं आतलं भोक 16.5, बाहेरचा व्यास 32, आणि लांबी डिस्कच्या जाडीइतकी. बुशच्या बाहेरच्या तोंडाला नटाशी जुळणारा टेपर हवा. त्याचा कोन तोंडी सांगू नका, नवा नटच खरादवाल्याच्या हातात द्या. नटाला मार्कर फासून बुशमध्ये फिरवला की रंग सगळीकडे सारखा उतरला पाहिजे. एकाच कडेला उतरला तर नट तेवढ्याच रेघेवर टेकेल आणि पुन्हा ढिला होईल. डिस्कचं भोक 32.5 पर्यंत वाढवा. ते थोडं इकडेतिकडे झालं तरी बिघडत नाही, कारण बुशची जागा स्टड ठरवतो. या पद्धतीचा खरा फायदा तोच आहे. मात्र वाढवलेल्या भोकाच्या कडेपासून मधल्या भोकापर्यंत 10-12 मिमी धातू उरला पाहिजे. तेवढा उरत नसेल तर बुश बारीक घ्या. बुश आणि भोक दोन्हींच्या कडा दोन्ही बाजूंनी 3 मिमी तिरप्या घासून घ्या, म्हणजे वेल्ड आत उतरेल.

डिस्क चढवण्याआधी स्टड तपासा. मानेवर खाच पडलेली, आटे बसलेले किंवा फ्लँजमध्ये (स्टड बसवलेल्या हबच्या कडेत) हलणारे स्टड बदला. हबचा फेस आणि डिस्कची मागची बाजू घासून साफ करा. तिथला गंज आणि रंगाचे जुने थर दाबाखाली चुरतात आणि नट आपोआप ढिला होतो. ढिलाईचं हे कारण सगळ्यात जास्त सापडतं, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षही त्याकडेच होतं.

डिस्क हबवर ठेवा, स्टडवर बुश सरकवा आणि नट हलकेच आवळा. एकही भोक शाबूत नसेल तर मधल्या भोकाच्या फटीत चारही बाजूंनी सारख्या जाडीची पत्र्याची पट्टी घालून डिस्क मध्यावर आणा. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून ॲक्सल हाताने फिरवा आणि डिस्कच्या कडेजवळ विटेवर एक खिळा टेकवा. कड खिळ्यापासून मिलिमीटरहून जास्त मागे-पुढे होत असेल तर आत्ताच सुधारा. मग बॅटरीच्या दोन्ही तारा आणि अल्टरनेटरचा कप्लर काढा. अर्थिंगचा चिमटा थेट डिस्कला लावा. तो चेसिसला लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंगला डाग पडतात. प्रत्येक बुशला समोरासमोर दोन टॅक (वेल्डचे छोटे ठिपके) मारा आणि डिस्क उतरवून घ्या.

पूर्ण वेल्ड खाली जमिनीवर करा. 7018 नंबरचा 3.15 मिमी वेल्डिंग रॉड आणि 100 ते 120 अँपिअर पुरतात. रॉड नव्या पाकिटातलाच घ्या, कारण ओलावलेल्या 7018 च्या वेल्डला चिरा जातात. गावचं व्होल्टेज पडलेलं असेल तेव्हा हे काम करू नका, वेल्ड वरवर बसतो. एक बुश झाला की शेजारचा न घेता समोरचा घ्या, नाहीतर डिस्क वाकते. प्रत्येक थराचा स्लॅग (वेल्डवरची कडक पापडी) पूर्ण काढा. गरम डिस्कवर पाणी टाकू नका. थंड झाल्यावर हबकडची बाजू ग्राइंडरने सपाट करा आणि वर पोलादी पट्टी आडवी ठेवा. एकही बुश किंवा वेल्ड वर राहिला तर डिस्क फेसवर टेकणार नाही आणि सगळी मेहनत वाया जाईल. टेपरमध्ये वेल्डचे थेंब उडाले असतील तर तेही काढा. बसणाऱ्या जागा सोडून बाकीच्या डिस्कलाच रंग द्या.

नट समोरासमोरच्या क्रमाने तीन फेऱ्यांत आवळा. शेवटची फेरी चाक जमिनीवर टेकवून घ्या. टॉर्क पाना नसेल तर पान्याला पाइप घालून नटाच्या मध्यापासून 1 मीटरवर स्प्रिंगचा तोलकाटा अडकवा आणि काटकोनात ओढा. मॅन्युअलमधल्या न्यूटन-मीटरच्या आकड्याला 10 ने भागलं की तितके किलो काट्यावर दिसले पाहिजेत, म्हणजे 200 ला 20 किलो. पाइपावर उभं राहून आवळू नका, स्टड ताणला जातो. शेवटी प्रत्येक नटापासून डिस्कपर्यंत ऑइल पेंटची एक रेघ ओढा. पहिल्या तासाभराच्या कामानंतर, मग 10 तासांनी आणि 50 तासांनी नट पुन्हा आवळा. मधल्या काळात रेघ तुटलेली किंवा नटाखालून तांबडी पूड येताना दिसली तर ट्रॉली तिथेच सोडा आणि आधी नट पाहा.