आत्तीच्या फोनमधलं अ‍ॅप कुणाशी बोलतं, ते कसं शोधावं

शहापुरातल्या आमच्या आत्तीच्या फोनवर पंचांगाचं एक अ‍ॅप आहे. एकादशी कधी, अमावास्या कधी लागते, एवढंच तिला त्यातून हवं असतं. त्या अ‍ॅपला संपर्क यादी, लोकेशन आणि माइक या तिन्ही परवानग्या दिलेल्या होत्या. विचारलं तर म्हणाली, "इंग्लिशमध्ये काय बाय लिहून येतंय, हो म्हटल्याशिवाय पुढंच जाईना की रे!" दुकानदारानं फोन सुरू करून देताना भाषा इंग्रजीच ठेवली होती. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बऱ्याच घरांत हीच गत आहे. फोन इंग्रजीत नाहीतर कन्नडमध्ये, आणि वापरणारं माणूस वाचतं फक्त मराठी.

म्हणून कुठलंही साधन घेण्याआधी भाषा बदला. सेटिंग्जमध्ये सिस्टीमखाली 'भाषा' हा पर्याय असतो (काही फोनमध्ये त्याची जागा वेगळी असते, वरच्या शोधचौकटीत टाइप केलं की सापडतो). तिथं मराठी निवडा. यापुढं परवानगीचा प्रश्न मराठीत येईल आणि आत्ती तो वाचून 'नको' म्हणू शकेल. मला विचाराल तर या लेखातलं सगळ्यात मोलाचं काम हेच.

मग सेटिंग्जमधल्या गोपनीयता विभागात परवानग्यांची यादी उघडा. सगळ्यात आधी एसएमएस बघा. बँकेचा ओटीपी तिथंच येतो, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून लग्नपत्रिका म्हणून किंवा पीएम किसानच्या नावानं फिरणाऱ्या बनावट एपीके फाइली (प्ले स्टोअरला वळसा घालून थेट अ‍ॅप बसवणाऱ्या फाइली) हीच परवानगी मागतात. मेसेज वाचणं हेच ज्या अ‍ॅपचं काम नाही, त्याची ही परवानगी काढून टाका. पुढं माइक, लोकेशन, संपर्क असं एकेक तपासा. आत्तीच्या पंचांगाच्या तिन्ही परवानग्या काढल्या. एकादशी पूर्वीसारखीच दिसते.

परवानग्या आवरल्या तरी एक गोष्ट राहते. अ‍ॅप बनवणारे त्यात जाहिरात कंपन्यांचे, वापराची मोजदाद करणाऱ्या कंपन्यांचे कोडचे (प्रोग्रामच्या ओळींचे) तयार तुकडे बसवतात. ते तुकडे आपापल्या कंपनीला माहिती कळवत राहतात. त्यांना ट्रॅकर म्हणतात. ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 मध्ये 9 लाख 59 हजार अँड्रॉइड अ‍ॅप तपासून हे जाळं किती दाट आहे ते मांडलं. पुढं त्याच विद्यापीठात काम करताना कॉनराड कोलनिग यांनी 'ट्रॅकरकंट्रोल' नावाचं अ‍ॅप तयार केलं. ते फुकट आहेच, शिवाय त्याचा सगळा कोड खुला आहे, म्हणजे तो कुणालाही वाचून तपासता येतो. फोनवर नजर ठेवणाऱ्या अ‍ॅपच्या बाबतीत मला हा खुलेपणा अत्यावश्यक वाटतो. पहारेकऱ्यावर विश्वास ठेवायचा तर त्याचीही झडती घेता आली पाहिजे.

ट्रॅकरकंट्रोलची पूर्ण आवृत्ती एफ-ड्रॉइडवर मिळते. एफ-ड्रॉइड म्हणजे खुल्या कोडच्या अ‍ॅपचं भांडार, 2010 पासून चालू आहे. इथं जपून. एफ-ड्रॉइड प्ले स्टोअरच्या बाहेरून घ्यावं लागतं, त्यामुळं ब्राउझरला 'अनोळखी अ‍ॅप बसवू दे' अशी मुभा द्यावी लागते. भामटेही हीच मुभा मागतात. तेव्हा एफ-ड्रॉइडचा पत्ता स्वतः टाइप करा, कुणी पाठवलेल्या लिंकवर जाऊ नका, आणि काम झाल्याबरोबर ब्राउझरची मुभा बंद करा. हे जमेल की नाही अशी शंका असेल तर इथंच थांबा. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनवर तर हा भाग करूच नका, आधी स्वतःच्या फोनवर बघा.

ट्रॅकरकंट्रोल सुरू केलं की फोन व्हीपीएनची परवानगी मागतो. व्हीपीएन म्हणजे फोनची इंटरनेटवरची सगळी ये-जा एका वाटेनं नेणारी सोय. होकार दिला की वरच्या पट्टीत छोटी चावी दिसते. घाबरू नका, हा व्हीपीएन फोनच्या आतल्या आत चालतो, तुमची माहिती दूरच्या कुठल्या सर्व्हरवरून फिरवून आणत नाही. मात्र अँड्रॉइडवर एका वेळी एकच व्हीपीएन चालतो, म्हणून ऑफिसचा व्हीपीएन लागत असेल तेव्हा हे बंद ठेवावं लागेल.

आता दिवसभर फोन नेहमीसारखा वापरा. रात्री यादी उघडून एकेका अ‍ॅपवर टिचकी मारा. त्यानं कोणत्या कंपन्यांशी संपर्क साधला ती नावं दिसतील, आणि नको ती तिथंच अडवता येतील. सगळं एकदम अडवू नका. एखादं अ‍ॅप उघडेनासं होतं, आणि मग माणूस वैतागून साधनच काढून टाकतो. बँकेचं किंवा यूपीआयचं अ‍ॅप अडलं तर त्याला वगळा.

नुसती माहितीच हवी असेल तर 'एक्सोडस प्रायव्हसी' बघा. फ्रान्समधल्या या ना-नफा संस्थेचं अ‍ॅप प्ले स्टोअरवरही आहे, त्यामुळं हे आत्तीच्या फोनवरही चालेल. प्रत्येक अ‍ॅपपुढं ट्रॅकर किती आणि परवानग्या किती, असे दोन आकडे येतात. 2017 मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या प्रायव्हसी लॅबनं या संस्थेबरोबर काम केलं होतं. तेव्हा तपासलेल्या 300 हून अधिक अ‍ॅपपैकी तीन चतुर्थांशांपेक्षा जास्त अ‍ॅपमध्ये ट्रॅकरच्या खुणा सापडल्या. आकडा वाचताना एवढं ध्यानात ठेवा की हे साधन कोडमधली खूण ओळखतं. तो तुकडा खरोखर माहिती पाठवतो की नाही, हे त्यावरून ठरत नाही.

यातलं कुठलंही साधन तुम्हाला फसवणुकीच्या फोनपासून वाचवणार नाही. पैसे गेलेच तर पहिल्या तासाभरात 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकाला फोन लावा.

बेळगावजवळच्या मच्छे इथल्या व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या) आवारात किंवा आसपासच्या कॉलेजांत शिकणाऱ्या मुलांना एक विनंती. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट सुरक्षेवर केलात तर तो बाइंडिंग करून कपाटात टाकू नका. कोड खुला ठेवा, परवाना कोणता ते लिहा, आणि वापरायच्या सूचना मराठी व कन्नड दोन्ही भाषांत द्या. त्या सूचना आधी घरात एखाद्या आत्तीला वाचायला द्या. ती जिथं अडेल, ते वाक्य पुन्हा लिहा.