गोल्फकडे परतताना चेंडू कोणता घ्यावा?

काही वर्षांच्या खंडानंतर खारघरच्या गोल्फ कोर्सवर पुन्हा उतरणाऱ्याने लगेच सर्वांत महागड्या चेंडूंचा डबा घेऊ नये, कारण पहिल्या काही फेऱ्यांत बरेच चेंडू झाडीत किंवा पाण्यात जाणार, हे गृहीतच धरलेले बरे. नियमानुसार चेंडूचे वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त आणि व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी असू शकत नाही. खरा फरक असतो तो गाभ्यात आणि आवरणात. आयोनोमर या टणक प्लास्टिकचे आवरण असलेला साधा टू-पीस (एक गाभा आणि एक आवरण असलेला) चेंडू कमी फिरकी घेतो, त्यामुळे क्लबचा फेस, म्हणजे चेंडूला लागणारी त्याची बाजू, उघडा राहून (उजव्या हाताने खेळणाऱ्याचा) उजवीकडे भरकटणारा फटकाही थोडा कमी वळतो आणि कार्टच्या रस्त्यावर आपटूनही चेंडू सहसा फारसा खरवडला जात नाही. युरेथेन या मऊ प्लास्टिकच्या आवरणाचा चेंडू जास्त फिरकी घेतो, म्हणून चिप (जवळून मारलेला छोटा, उचललेला फटका) केल्यावर ग्रीनवर, म्हणजे खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, लवकर थांबतो, हे खरे. पण हात बसेपर्यंत त्या फिरकीचा लाभ कमी आणि भुर्दंड अधिक, असे माझे मत आहे. चेंडूवर छापलेला १ ते ४ हा आकडा केवळ ओळखीसाठी असतो. त्यावरून चेंडूचा मऊपणा कळत नाही. (मीही बराच काळ तो मऊपणाचा आकडा समजून वाचत होतो.) दोन प्रकारच्या चेंडूंचे तीन-तीनचे पाकीट आणून आधी ग्रीनवर पट (चेंडू जमिनीवरून खळग्याकडे घरंगळवणारा फटका) आणि चिप करून पाहावे, ज्याचा आवाज आणि स्पर्श हाताला पटेल, तोच चेंडू निदान महिनाभर बदलू नये. तळ्यातून काढलेले जुने चेंडू सरावापुरतेच ठेवावेत.