कॉलेज फुटबॉलमधला ऑफेन्सिव्ह लाइनमन कसा पारखावा

अमेरिकन फुटबॉलचा सामना पाहताना नजर आपोआप चेंडूमागे जाते, आणि ऑफेन्सिव्ह लाइनमन, म्हणजे चेंडू आपल्या संघाकडे असताना समोरच्यांना अडवणाऱ्या पाच जणांपैकी एक, पारखायचा असेल तर आधी ही सवय मोडावी लागते. स्नॅप झाल्यापासून, म्हणजे मधल्या लाइनमनने चेंडू मागे देऊन डाव सुरू केल्यापासून, शिट्टी वाजेपर्यंत फक्त एकाच खेळाडूकडे पाहावे, मग चेंडू कुठेही जावो.

मात्र कॉलेजमधले सगळे स्नॅप सारख्या मोलाचे नसतात. तिथे आरपीओ, म्हणजे धाव की पास हे डाव चालवणारा क्वार्टरबॅक ऐनवेळी ठरवतो असे डाव भरपूर असतात. पास फेकला जाण्याआधी लाइनमनला तीन यार्डांपर्यंत पुढे जाण्याची मुभा असल्यामुळे तो अशा डावात धावेसाठीच ब्लॉक करत, म्हणजे समोरच्याला ढकलून वाट काढत, सुटतो, आणि चेंडू हातातून लवकर गेल्याने त्याची खरी परीक्षा होतच नाही. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये ही मुभा एकाच यार्डाची आहे. म्हणून तिसरा डाउन (दहा यार्ड पुढे जाण्याच्या चार प्रयत्नांपैकी तिसरा), आठ-दहा यार्ड बाकी, पास येणार हे समोरच्यालाही ठाऊक आणि टॅकल, म्हणजे रांगेच्या टोकाचा लाइनमन, मदतीशिवाय एकटा, असे स्नॅप वेगळे काढून पाहावेत. एका सामन्यात ते मोजकेच सापडतात, पण माझ्या मते निम्म्याहून अधिक निकाल तिथेच लागतो.

अशा स्नॅपमध्ये प्रथम पाय पाहावेत. डावा टॅकल मागे सरकताना डाव्या पायाने जागा घेतो आणि उजवा पाय जमिनीलगत त्यामागे ओढतो. दोन्ही टाचा एकमेकींना चिकटल्या, की क्वार्टरबॅकवर चालून येणारा चपळ पास रशर त्याच क्षणी आतल्या बाजूला वळतो आणि वजन बाहेर टाकून बसलेल्या टॅकलला परतता येत नाही. त्यानंतर गुडघे पाहावेत. कुस्ती जाणणाऱ्याला हे सांगावे लागणार नाही, की कमरेतून वाकणारा मल्ल ओढला जातो आणि गुडघ्यात बसणारा टिकतो. आयोवा विद्यापीठाचा ट्रिस्टन वर्फ्स, ज्याला एनएफएलच्या टँपा बे संघाने 2020 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेज खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिल्या फेरीत निवडले, शाळेत असताना राज्याचा कुस्तीविजेता होता, आणि छातीवर थेट धडक आल्यावर तो कसा बसतो हे पाहताना त्या तालमीची आठवण येते. हात केव्हा आणि कुठे लागतात हे तिसरे: प्रतिस्पर्ध्याच्या छातीवर लागले तर उत्तम, खांद्याबाहेर गेले तर होल्डिंगचा, म्हणजे पकडून ठेवल्याचा, दंड ठरलेला.

चांगला लाइनमनही हरतो. हरल्यानंतर तो काय करतो, याची मी वेगळी नोंद ठेवतो. पहिला धक्का बसून दोन पावले मागे गेल्यावर हात पुन्हा बसवून जो थांबतो, त्याच्यावर वेळ खर्च करावा.

आकड्यांकडे यानंतरच वळावे. इंडियानापोलिसच्या कंबाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टआधीच्या चाचण्यांत, उंची, वजन, हाताची लांबी, 40 यार्डांची धाव आणि 225 पौंडांचा बेंच प्रेस मोजला जातो. 2018 मध्ये ओक्लाहोमाच्या ऑर्लँडो ब्राऊन ज्युनियरने तो भार केवळ 14 वेळा उचलला, धावेला 5.85 सेकंद लावले आणि तो तिसऱ्या फेरीपर्यंत घसरला. पुढे त्याची चार वेळा प्रो बोलसाठी, म्हणजे एनएफएलच्या हंगामातल्या उत्कृष्ट खेळाडूंत, निवड झाली. लाइनमनच्या बाबतीत 40 पेक्षा पहिल्या 10 यार्डांची वेळ अधिक बोलकी असते, कारण सामन्यात तो सहसा तेवढाच धावतो. टॅकलचे हात 33 इंचांहून कमी भरले की त्याला गार्ड, म्हणजे टॅकलच्या आतल्या बाजूचा लाइनमन, ठरवण्याची घाई होते. विल कॅम्पबेलचे हात कंबाइनमध्ये त्याहून कमी भरले, तरी 2025 मध्ये पेट्रियट्स संघाने त्याला चौथ्या क्रमांकावर टॅकल म्हणूनच घेतले. आखूड हात दिसले तर तो अंतर पायांनी भरून काढतो का, हे पुन्हा चित्रफितीतच शोधावे लागते.

गार्ड आणि रांगेच्या मधोमध असणारा सेंटर यांचे मोजमाप थोडे निराळे. धावेच्या डावात शेजाऱ्याबरोबर एकाला ढकलून वेळेवर सुटणे आणि बचावाच्या दुसऱ्या फळीतल्या लाइनबॅकरला गाठणे इथे महत्त्वाचे. सिनसिनाटी विद्यापीठाचा जेसन केल्सी एनएफएलच्या मानाने हलका होता आणि 2011 मध्ये सहाव्या फेरीत निवडला गेला, पण धावत जाऊन ब्लॉक करण्यात त्याच्या तोडीचे सेंटर फार थोडे झाले.

शेवटी सप्टेंबरमधला एक आणि नोव्हेंबरमधला एक सामना लागोपाठ पाहावा, आणि दुसऱ्यात शक्यतो समोर नावाजलेला पास रशर असावा. सप्टेंबरमध्ये चिकटणाऱ्या टाचा नोव्हेंबरमध्येही चिकटत असतील, तर अहवालात त्याच्या नावापुढे ‘टॅकल’ लिहिण्याआधी मी थांबतो.