चाकण ते खराडी: कॅरिअर इथरनेटची जोडणी मागवताना आणि ताब्यात घेताना

चाकणच्या औद्योगिक वसाहतीत कारखाना आणि खराडीत कार्यालय असलेल्या कंपनीला ही दोन ठिकाणे एका नेटवर्कने जोडायची असतील, तर आज तिच्याकडे येणारे बहुतेक प्रस्ताव कॅरिअर इथरनेटचे, म्हणजे कार्यालयातील लॅनचे इथरनेट तंत्र दूरच्या ठिकाणांमध्ये सेवा म्हणून पुरवण्याचे, असतात. प्रस्ताव देणाऱ्या सेवादात्याचे स्वतःचे फायबर दोन्ही ठिकाणी पोहोचलेले असतेच असे नाही. जिथे ते नसते, तिथला शेवटचा टप्पा, म्हणजे लास्ट माईल, तो दुसऱ्या सेवादात्याकडून घाऊक दराने घेतो आणि ग्राहकाला मात्र एकच जोडणी, एकच करार आणि एकच बिल देतो. दूरसंचार कंपन्यांमधील या आपसातील विक्रीला इथरनेट ॲक्सेस सेवा म्हणतात. ही रचना ग्राहकाच्या सोयीची आहे. परंतु दोन कंपन्यांची जाळी जिथे एकमेकांना मिळतात तो सांधा करारात आणि चाचणीत स्पष्ट नसेल, तर बिघाडाच्या वेळी जबाबदारी नेमकी तिथेच अडकते. म्हणून मागणी नोंदवण्यापासून जोडणी ताब्यात घेण्यापर्यंत या सांध्याची चौकशी कशी करावी, ते येथे मांडले आहे.

ही सेवा एवढी का पसरली, हे जाणून घेतल्यास सेवादात्याशी बोलणे सोपे जाते. पूर्वीच्या लीज्ड लाईन, म्हणजे भाड्याने घेतलेल्या राखीव जोडण्या, २.०४८ एमबीपीएसच्या ई१ या एककात मिळत. त्याहून अधिक क्षमता हवी असेल तर अनेक ई१ एकत्र बांधाव्या लागत, किंवा १५५.५२ एमबीपीएसच्या एसटीएम-१सारख्या मोठ्या टप्प्यावर जावे लागे, आणि त्यासाठी दोन्ही टोकांची उपकरणे बदलावी लागत. इथरनेटच्या एकाच पोर्टवर मात्र पोर्टच्या मर्यादेपर्यंतची क्षमता केवळ संरचनेत बदल करून वाढवता येते. मोबाईल मनोऱ्यांवरील डेटा वाढू लागला तेव्हा सेवादात्यांना स्वतःलाच या सोयीची निकड भासली. २००१ मध्ये स्थापन झालेल्या मेट्रो इथरनेट फोरमने, म्हणजे एमईएफने, २०१० मध्ये दोन सेवादात्यांमधील सांध्याचे, ईएनएनआयचे, विनिर्देश ठरवले आणि २०१२ मध्ये कॅरिअर इथरनेट २.० या संचात ई-ॲक्सेस ही सेवा स्वतंत्र प्रकार म्हणून आणली. त्याआधी कंपन्यांच्या प्रत्येक जोडीला फ्रेम, म्हणजे इथरनेटवरून जाणारे डेटाचे तुकडे, कशा द्यायच्या आणि कशा घ्यायच्या याचा निराळा तपशील बसून ठरवावा लागे. सांधा प्रमाणित झाला तशी ही विक्रीही सोपी झाली.

प्रकार कोणता मागावा

दोनच ठिकाणे जोडायची असतील तर ई-लाईन पुरेशी आहे. तिचे दोन उपप्रकार आहेत. ईपीएलमध्ये (इथरनेट प्रायव्हेट लाईन) संपूर्ण पोर्ट एकाच जोडणीला वाहिलेला असतो आणि तुमचे व्हीलॅन टॅग, म्हणजे एकाच जाळ्यातील वेगवेगळे गट ओळखण्याच्या खुणा, जसेच्या तसे पलीकडे पोहोचतात. ईव्हीपीएलमध्ये (इथरनेट व्हर्च्युअल प्रायव्हेट लाईन) मुख्य कार्यालयातील एकाच पोर्टवर व्हीलॅननुसार अनेक शाखांच्या जोडण्या उतरवता येतात. आज चाकण आणि उद्या तळेगाव व रांजणगाव अशी वाढ दिसत असेल, तर खराडीत सुरुवातीपासून ईव्हीपीएल घ्यावी. अनेक ठिकाणांना एकाच लॅनसारखे जोडणारी ई-लॅन आकर्षक वाटते, पण तिच्यात मॅक पत्त्यांच्या, म्हणजे उपकरणांच्या ओळखक्रमांकांच्या, संख्येवर मर्यादा असते आणि एका शाखेतील ब्रॉडकास्टचा, म्हणजे सर्वांना उद्देशून पाठवलेल्या फ्रेमचा, गोंधळ इतर सर्व शाखांपर्यंत जाऊ शकतो. माझ्या मते प्रत्येक टोकाला राउटर ठेवण्याची तयारी असेल तरच ई-लॅनचा विचार करावा.

मार्ग आणि सांधा

आदेश देण्यापूर्वी सेवादात्याकडून एक साधा आराखडा लेखी मागावा. त्यात ग्राहकाच्या बाजूचे दोन्ही पोर्ट, म्हणजे यूएनआय, त्यांच्यामधला ईएनएनआय कोणत्या एक्सचेंजमध्ये किंवा डेटा सेंटरमध्ये आहे ती जागा, लास्ट माईल कोणाची आहे आणि ती फायबरवर आहे की मायक्रोवेव्हवर, या गोष्टी दाखवलेल्या असाव्यात. ईएनएनआयची जोडणी दुहेरी आहे का, हेही त्याच वेळी विचारावे. लास्ट माईल कितीही भक्कम असली तरी सांधा उपकरणातील एका कार्डावर टेकलेला असेल, तर ते कार्ड गेल्यावर सगळेच बंद पडते.

पर्यायी मार्ग घेणाऱ्यांनी येथे विशेष काळजी घ्यावी, कारण दोन वेगळ्या कंपन्यांकडून दोन जोडण्या घेतल्या म्हणजे दोन वेगळे मार्ग मिळाले असे होत नाही. दोन्ही कंपन्यांनी लास्ट माईल एकाच तिसऱ्या कंपनीकडून घेतलेली असू शकते, किंवा दोघांचे फायबर एकाच डक्टमधून, म्हणजे जमिनीखालील नळीतून, गेलेले असू शकते. चाकणहून खराडीकडे येताना इंद्रायणी ओलांडावीच लागते आणि केबली सहसा पुलांवर एकत्र येतात. दोन्ही मार्ग नाशिक महामार्गावरील मोशीच्या पुलावरूनच आले असतील, तर त्या पुलाच्या एका कामात दोन्ही जोडण्या तुटतील. एक मार्ग मोशीहून आणि दुसरा आळंदीच्या बाजूने मिळू शकतो का, हे विचारण्यासारखे आहे. दोन्ही सेवादात्यांकडून मार्गाची केएमझेड, म्हणजे नकाशावर मार्ग दाखवणारी, फाईल मागावी, दोन्ही एकाच नकाशावर उघडाव्यात आणि मार्ग कुठे कुठे एकत्र येतात ते स्वतः पाहावे. कंपनी फाईल देण्यास नकार देत असेल, तर किमान मार्ग वेगळे असल्याची हमी करारात लिहून घ्यावी.

नवे फायबर टाकावे लागणार असेल, तर वेळापत्रक ठरवताना हद्दींचा विचार केल्याशिवाय गत्यंतर नाही. या एकाच मार्गावर औद्योगिक विकास महामंडळ, राष्ट्रीय महामार्ग, पिंपरी-चिंचवड महापालिका आणि पुणे महापालिका अशा चार यंत्रणांच्या परवानग्या लागू शकतात, आणि दिघीच्या बाजूने मार्ग वळला तर लष्करी हद्दीचाही प्रश्न येतो. १ जानेवारी २०२५ पासून दूरसंचार मार्गाधिकाराचे, म्हणजे केबल टाकण्यासाठी जागा वापरण्याच्या हक्काचे, २०२४चे नियम लागू झाले असले, तरी पावसाळ्याच्या तोंडावर शहरातील रस्ते खोदाई थांबवली जाते ही वस्तुस्थिती बदललेली नाही. मार्चमध्ये आदेश देऊन जूनमध्ये जोडणीची अपेक्षा धरणे म्हणूनच धोक्याचे आहे. फीजिबिलिटीचा, म्हणजे जोडणी शक्य आहे का याच्या पाहणीचा, अहवाल ‘शक्य आहे’ एवढ्यावर स्वीकारू नये. फायबर इमारतीपासून किती मीटरवर आहे आणि किती मीटर खोदाई बाकी आहे, हे त्यात यायला हवे. इमारतीच्या आतील शाफ्टची परवानगी, उपकरणासाठी यूपीएसवरील वीज आणि अर्थिंग ही कामे ग्राहकाचीच असतात. ती आधी उरकावीत.

वेगाच्या आकड्यामागे

प्रस्तावातील ‘१०० एमबीपीएस’ हा आकडा सीआयआरचा, म्हणजे हमी असलेल्या वेगाचा, आहे ना, याची खात्री करावी. त्यावरील ईआयआरचा, म्हणजे जादा मिळू शकणारा, वेग हमीचा नसतो. गर्दी झाली की त्या फ्रेम आधी टाकून दिल्या जातात. पण बहुतेक तक्रारी ज्यातून उद्भवतात तो तिसरा आकडा, सीबीएस, म्हणजे एका झटक्यात हमीने पाठवता येणारे बाइट, प्रस्तावात अनेकदा लिहिलेलाच नसतो. छतावरच्या पाण्याच्या टाकीशी त्याची तुलना करता येईल: टाकी सीआयआरच्या वेगाने भरत राहते आणि सीबीएस ही तिची क्षमता असते. पोर्ट १ जीबीपीएसचा असेल तर तुमचा सर्व्हर १ मिलिसेकंदात टाकीतून १,२५,००० बाइट उपसू शकतो, तर १०० एमबीपीएसच्या सीआयआरने त्याच काळात केवळ १२,५०० बाइटची भर पडते. सीबीएस २५,००० बाइट असेल तर टाकी पाव मिलिसेकंदाच्या आत रिकामी होते आणि पुढच्या फ्रेम गळतात. दिवसाचा सरासरी वापर १० एमबीपीएस असूनही फाईल संथ का उतरते, या प्रश्नाचे उत्तर बहुधा इथे सापडते, कारण फ्रेम गळली की टीसीपी हा डेटा पाठवण्याचा नियमसंच स्वतःचा वेग कमी करतो. यावर उपाय दोन आहेत. सीबीएस लेखी घ्यावा, आणि स्वतःच्या राउटरवर बाहेर जाणाऱ्या रहदारीचे शेपिंग, म्हणजे ती एकसारख्या वेगाने सोडणे, सीआयआरच्या थोडे खाली लावावे. हे शेपिंग दोन्ही टोकांना लागते.

फ्रेमच्या आकाराकडेही असेच दुर्लक्ष होते. सेवादाता स्वतःचा ४ बाइटचा टॅग जोडतो, त्यामुळे एमईएफच्या विनिर्देशानुसार ईएनएनआयवर किमान १,५२६ बाइटची फ्रेम जायला हवी आणि २,००० बाइटची शिफारस आहे. तुम्ही या जोडणीवर एन्क्रिप्शन चालवणार असाल तर त्याचेही बाइट वाढतात. तेव्हा सर्वांत मोठी फ्रेम किती बाइटची जाईल, हा प्रश्न दोन्ही कंपन्यांच्या जाळ्यांसाठी विचारावा.

सेवाहमीत उपलब्धतेची टक्केवारी वाचताना तिचे मिनिटांत रूपांतर करावे: ३० दिवसांच्या महिन्यात ९९.५ टक्के म्हणजे ३ तास ३६ मिनिटे बंद, आणि ९९.९ टक्के म्हणजे सुमारे ४३ मिनिटे. त्यानंतर अपवादांची कलमे वाचावीत. ‘तिसऱ्या पक्षाच्या खोदाईमुळे झालेला फायबर कट’ हमीतून वगळलेला असेल, तर पुण्यासारख्या सतत रस्त्यांची कामे चालणाऱ्या शहरात त्या हमीत फारसे काही उरत नाही. हे कलम काढून घेण्यासाठी दरात थोडी तडजोड करावी लागली तरी ती करावी, असे मला ठामपणे वाटते. विलंबाचा आकडाही पडताळता येतो. फायबरमध्ये प्रकाशाला दर किलोमीटरला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे ५० किलोमीटरच्या मार्गाला एका दिशेने पाव मिलिसेकंद. त्यामुळे चाकण ते खराडी जाऊन-येऊन १० मिलिसेकंद लागत असतील, तर रहदारी कुठेतरी लांबून फिरून येत आहे किंवा वाटेत रांगेत थांबत आहे, असे समजावे.

ताब्यात घेण्यापूर्वी

वेग मोजणाऱ्या संकेतस्थळावरचा आकडा ही स्वीकृती चाचणी नव्हे. आरएफसी २५४४ ही १९९९ची पद्धत आजही वापरली जाते, परंतु ती मुळात प्रयोगशाळेत एकेक उपकरण तपासण्यासाठी आखलेली आहे. सेवा तपासण्यासाठी आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची वाय.१५६४ ही २०११ची पद्धत मागावी. तिच्या पहिल्या भागात वेग टप्प्याटप्प्याने सीआयआरपर्यंत आणि त्यापुढे नेऊन संरचना तपासतात. दुसऱ्या भागात सीआयआरवर ठरावीक वेळ रहदारी चालवून गळती, विलंब आणि विलंबातील चढउतार मोजतात. हा दुसरा भाग १५ मिनिटे, २ तास किंवा २४ तास चालवता येतो. नव्या लास्ट माईलसाठी २४ तासांचा आग्रह धरावा, कारण सैल कनेक्टर किंवा खराब स्प्लायसिंगचे (फायबरच्या जोडांचे) दोष थोड्या वेळात दिसत नाहीत. चाचणी दोन्ही दिशांनी स्वतंत्रपणे व्हावी. पलीकडे लूप लावून, म्हणजे रहदारी तिथून तशीच परत पाठवून, केलेल्या चाचणीत जाण्या-येण्याचा निकाल एकत्र येतो आणि दोष कोणत्या दिशेला आहे ते समजत नाही.

आता सांध्याकडे पुन्हा यावे लागते. इथरनेट जोडणीची देखरेख करण्यासाठी आयईईई ८०२.१एजी आणि वाय.१७३१ ही मानके आहेत. त्यांच्या आधारे दोन्ही टोकांना आणि ईएनएनआयवर देखरेखीचे बिंदू ठेवता येतात. ते ठेवलेले असतील तर चाकण ते सांधा आणि सांधा ते खराडी अशा दोन भागांची गळती वेगवेगळी मोजता येते आणि दोष कोणत्या कंपनीच्या जाळ्यात आहे हे काही मिनिटांत कळते. स्वीकृतीपत्रावर सही करण्यापूर्वी हे बिंदू चालू असल्याचे दाखवण्यास सांगावे. पर्यायी जोडणी घेतली असेल, तर सेवादात्याचा अभियंता उपस्थित असतानाच मुख्य फायबर काढून रहदारी दुसऱ्या मार्गावर जाते का आणि किती वेळात जाते, हे पाहावे.

चाचणीचे निकाल कराराला जोडून ठेवावेत. त्याच करारात एक कलम असावे: सेवादात्याने लास्ट माईलची कंपनी, माध्यम किंवा सांध्याची जागा बदलल्यास लेखी पूर्वसूचना द्यावी, नवी केएमझेड फाईल द्यावी आणि वाय.१५६४ची चाचणी स्वतःच्या खर्चाने पुन्हा करून द्यावी.