ओव्हरस्पीड सराव: फुटबॉल आणि हॉकीच्या खेळाडूंनी उतारावर धावावे कसे

खेळाडू स्वतःच्या बळावर जास्तीत जास्त ज्या वेगाने धावू शकतो, त्याहून किंचित अधिक वेगाने त्याला बाहेरच्या मदतीने धावायला लावणे, याला ओव्हरस्पीड सराव म्हणतात. ही मदत सौम्य उताराची, पाठीमागून येणाऱ्या वाऱ्याची किंवा पुढून ओढणाऱ्या रबरी दोरीची असू शकते. पाय नेहमीपेक्षा लवकर उचलणे आणि जमिनीवर कमी वेळ टेकवणे याची मज्जासंस्थेला आणि स्नायूंना सवय लागावी, असा त्यामागचा विचार आहे. अशा मदतीने त्या क्षणी वेग वाढतो यात शंका नाही, परंतु ती वाढ सपाट मैदानावर किती टिकते याबाबत संशोधनाचे निष्कर्ष एकमुखी नाहीत. म्हणूनच हा सराव वेगाच्या तयारीतला शेवटचा थर समजावा; पाया समजून कोणीही त्याच्यापासून सुरुवात करू नये.

तो कोणासाठी, हे आधी ठरवले पाहिजे. बर्लिनमध्ये २००९ साली उसेन बोल्टने १०० मीटर अंतर ९.५८ सेकंदांत पार केले, तेव्हा त्याचा सर्वाधिक वेग ६० ते ८० मीटरच्या टप्प्यात होता आणि तो ताशी ४४ किलोमीटरच्या पुढे गेला होता. सांघिक खेळातला खेळाडू मात्र साधारणपणे ३० ते ४० मीटरमध्येच आपल्या कमाल वेगाच्या जवळ पोहोचतो. फुटबॉलमध्ये कडेने धावणारा विंगर, हॉकीतला आघाडीचा खेळाडू किंवा सीमारेषेकडे चेंडूचा पाठलाग करणारा क्रिकेटमधला क्षेत्ररक्षक यांना इतके अंतर सामन्यात खरोखर मिळते, म्हणून त्यांना या सरावाचा उपयोग आहे. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब असते आणि चढाईपटूला त्याच्या अर्ध्यातच सगळे साधायचे असते; खो-खोत दोन खांबांमध्ये सुमारे २४ मीटर अंतर असले तरी धावणाऱ्याला सतत वळावे लागते. या दोन्ही खेळांच्या प्रशिक्षकांनी आपला मर्यादित वेळ पहिल्या पाच-दहा मीटरच्या उसळीवर आणि झटकन थांबण्याच्या कौशल्यावर खर्च करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पात्रतेच्या बाबतीत तडजोड करू नये. ज्याने किमान एक वर्ष नियमित वेगाचा आणि ताकदीचा सराव केला आहे, ज्याची शरीरवाढ बरीचशी पूर्ण झाली आहे आणि ज्याला गेल्या काही महिन्यांत मांडीमागच्या स्नायूची, म्हणजे हॅमस्ट्रिंगची, दुखापत झालेली नाही, अशाच खेळाडूला उतारावर न्यावे. वेगाने धावताना पाऊल जमिनीला टेकण्याच्या अगदी आधी हॅमस्ट्रिंग ताणलेल्या अवस्थेत पायाला लगाम घालत असते, आणि वेग वाढला की हा ताण झपाट्याने वाढतो. त्यामुळे ओव्हरस्पीड सुरू करण्यापूर्वी सहा ते आठ आठवडे नॉर्डिक कर्ल हा व्यायाम करून घ्यावा. त्यात खेळाडू गुडघ्यांवर बसतो, जोडीदार त्याचे घोटे घट्ट धरतो आणि खेळाडू धड सरळ ठेवून शक्य तितक्या सावकाश पुढे झुकत जातो. हॅमस्ट्रिंगच्या दुखापती कमी करण्यासाठी या व्यायामाइतका भक्कम आधार फार थोड्या व्यायामांना आहे. त्याच काळात सपाट मैदानावर आठवड्यातून एकदा पूर्ण वेगाच्या तीन-चार धावा झालेल्या असाव्यात.

उताराची निवड हा या सरावातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. उतार दोन ते तीन अंशांचा हवा. डोळ्यांना तो जवळजवळ सपाटच वाटतो, आणि तसा वाटणेच योग्य आहे. दोन अंश म्हणजे दर दहा मीटरला सुमारे ३५ सेंटिमीटर आणि तीन अंश म्हणजे सुमारे ५२ सेंटिमीटर घसरण. ती मोजण्यासाठी गवंडी वापरतात ती पाण्याने भरलेली पारदर्शक नळी पुरेशी आहे: नळीचे एक टोक वरच्या खुणेवर आणि दुसरे दहा मीटर खालच्या खुणेवर उभे धरावे, पाणी स्थिर झाल्यावर दोन्ही ठिकाणी जमिनीपासून पाण्यापर्यंतची उंची मोजावी आणि त्यांतला फरक काढावा. पुण्यातल्या टेकड्यांवरच्या पायवाटा किंवा घाटातले रस्ते चढ चढण्याच्या सरावाला चांगले असले, तरी या कामासाठी बहुतेक ठिकाणी ते फार तीव्र असतात, आणि पायवाटांवर सुटे दगडही असतात. घट्ट, कोरडे आणि खड्डे नसलेले गवत सर्वांत उत्तम. पावसाळ्यात ओल्या गवतावर हा सराव पूर्णपणे बंद ठेवावा.

जागेची रचना तीन टप्प्यांत करावी. आधी २५ मीटर सपाट जमिनीवर हळूहळू वेग घ्यायचा, मग २० मीटर उतारावर तो वेग किंचित वाढू द्यायचा, आणि नंतर पुन्हा किमान २० मीटर सपाट जागा मोकळी ठेवायची. या शेवटच्या टप्प्यात पहिले काही मीटर खेळाडूने मिळालेला वेग स्वतःच्या बळावर टिकवण्याचा प्रयत्न करावा आणि मगच सावकाश थांबावे. उतार संपताच कुंपण किंवा रस्ता येत असेल, तर ती जागा कितीही चांगली वाटली तरी सोडून द्यावी.

वेग किती वाढू द्यायचा याचे उत्तर अंदाजाने देऊ नये. आधी सपाट जमिनीवर २५ मीटर धाव घेऊन पुढच्या २० मीटरची वेळ मोजावी. हाताने चालवलेल्या स्टॉपवॉचमध्ये सेकंदाच्या एक-दोन दशांशांची चूक सहज होते आणि येथे आपल्याला त्याहून बारीक फरक पाहायचा असतो. म्हणून मोबाइल स्टँडवर ठेवून सेकंदाला २४० चौकटींचे स्लो-मोशन चित्रीकरण करावे आणि छाती दोन्ही खुणा ओलांडते त्या चौकटी मोजाव्यात. समजा सपाट जमिनीवर २.५० सेकंद, म्हणजे ६०० चौकटी लागल्या, तर उतारावर पाच टक्के अधिक वेगाने २.३८ सेकंद, म्हणजे सुमारे ५७१ चौकटी लागतील. यापेक्षा फारसे खाली जाऊ नये. वेळ २.२७ पर्यंत उतरली, तर वेग दहा टक्क्यांनी वाढलेला असतो आणि तेव्हा खेळाडू धावत नसतो, तर स्वतःला पडण्यापासून वाचवत असतो.

ही अवस्था घड्याळाशिवायही ओळखता येते. पाऊल शरीराच्या खूप पुढे पडू लागते, टाच आधी टेकते, छाती मागे जाते, हात बाजूंना पसरतात आणि पावलांचा आवाज हलका न राहता धपधप येऊ लागतो. शरीरापुढे पडलेले प्रत्येक पाऊल ब्रेकसारखे काम करते, म्हणजे ज्या हेतूने आपण उतारावर आलो त्याच्या अगदी उलट सवय लागते आणि गुडघ्यावर व हॅमस्ट्रिंगवर नको तो भार येतो. असे एकदा दिसले तर उतार कमी करावा. दुसऱ्यांदा दिसले तर त्या खेळाडूचा त्या दिवसाचा सराव थांबवावा. खेळाडूला सूचना देताना ‘लांब पावले टाक’ असे कधीही सांगू नये. ‘पाऊल कमरेखाली पडू दे आणि लगेच उचल’ एवढे पुरते.

सराव शरीर ताजे असताना, वीस मिनिटांच्या वॉर्म-अपनंतर आणि डावपेचांच्या सरावाआधी घ्यावा. पहिल्या दोन आठवड्यांत दोन अंशांच्या उतारावर तीन धावा, पुढच्या दोन आठवड्यांत चार, आणि शेवटच्या दोन आठवड्यांत, तंत्र पक्के राहिले असेल तरच, तीन अंशांवर चार किंवा पाच धावा असा क्रम ठेवावा. दर दोन उताराच्या धावांनंतर एक धाव सपाटीवर घ्यावी, कारण मिळालेली लय मैदानात न्यायची आहे. दोन धावांमध्ये चार ते पाच मिनिटे पूर्ण विश्रांती द्यावी. खेळाडूंना ही विश्रांती आळस वाटते आणि प्रशिक्षकाला वेळेचा अपव्यय वाटतो, पण दमलेल्या पायांनी केलेली धाव दमाचा सराव ठरते, वेगाचा नाही. सपाटीवरची वेळ तीन टक्क्यांनी, म्हणजे आपल्या उदाहरणात २.५८ सेकंदांच्या आसपास घसरली, की तेथेच थांबावे.

आठवड्यातून असा एकच दिवस पुरेसा आहे. सामना रविवारी असेल तर बुधवार योग्य ठरतो, कारण सामन्याच्या थकव्यापासूनही तो दूर असतो आणि पुढच्या सामन्यापूर्वी तीन दिवस मोकळे मिळतात. उतारावर धावल्यानंतर मांडीचे पुढचे स्नायू दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखतात आणि पहिल्या वेळी हे दुखणे विशेष जाणवते. म्हणून पहिले सत्र सामना नसलेल्या आठवड्यातच ठेवावे. सहा आठवड्यांनंतर, तसेच सामन्यांच्या गर्दीच्या काळात, उतार सोडून सपाटीवरच्या पूर्ण वेगाच्या धावांवर परत यावे.

योग्य उतार मिळत नसेल तर वाऱ्याचा विचार करावा. किनारपट्टीवर दुपारनंतर समुद्राकडून येणारे खारे वारे पाठीशी घेऊन धावणे हा सर्वांत सुरक्षित आणि बिनखर्चाचा मार्ग आहे. रबरी दोरीबाबत मात्र मी सावधगिरीचाच सल्ला देईन. एका जागी बांधलेली दोरी सुरुवातीला सर्वाधिक ओढते आणि खेळाडू पुढे जाईल तशी सैल पडते, म्हणजे कमाल वेग येण्याच्या वेळी तिची मदत संपलेली असते. हे टाळण्यासाठी दोरीचे दुसरे टोक घेऊन एखाद्या जोडीदाराने पुढे धावावे लागते आणि त्यासाठी दोघांचा चांगला मेळ लागतो. दोरी वापरायचीच असेल, तर दर वेळी ती पूर्ण लांबीभर तपासावी, बारीकशी चीर दिसली तरी टाकून द्यावी, आणि पट्टा कमरेला असा बांधावा की एका हाताने क्षणात सोडवता येईल.