वडिलांच्या माघारी सातबाऱ्यावर वारस नोंद

मी तलाठी म्हणून निवृत्त झालो, पण कुणाचे तेरावे उरकले की आजही लोक कागद घेऊन ओट्यावर येतात. मी आधी विचारतो, मृत्यूचा दाखला काढला का? मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. दाखल्याच्या चार-पाच प्रती घ्या; बँक, विमा, पोस्ट, सगळीकडे लागतात.

मग दाखला आणि सातबारा शेजारी ठेवून नाव अक्षर न् अक्षर ताडून बघा. सातबाऱ्यावर 'पांडू रामा', दाखल्यावर 'पांडुरंग रामचंद्र', आणि प्रकरण इथेच अडते. दोन्ही नावे एकाच माणसाची असल्याचे प्रतिज्ञापत्र जोडा.

वारस नोंदीचा अर्ज मृत्यूपासून तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्या. महसूल खात्याच्या ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवरूनही करता येतो. फेरफार, म्हणजे नावबदलाची नोंद, धरला की नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात.

लग्न झालेल्या बहिणींची नावे घालाच. 'ती काय मागणार आहे' म्हणून नाव गाळणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. हिंदू वारसा कायद्यात मुलगी मुलाइतकीच वारस आहे, आणि आईसुद्धा. बहिणीला हिस्सा नको असेल तर तिने स्वखुशीने हक्कसोडपत्र करावे, तेही दुय्यम निबंधकांकडे नोंदवून. साध्या कागदावर सही घेऊन भागत नाही.

बँकेतला नॉमिनी पैसे उचलतो, पण मालक होत नाही. मृत्युपत्र नसेल तर ते सगळ्या वारसांचे. नॉमिनी नसेल आणि रक्कम मोठी असेल, तर दिवाणी न्यायालयातून सक्सेशन सर्टिफिकेट, म्हणजे वारसा प्रमाणपत्र, काढायला वकील गाठा.